एका ताग्याचे दोन झेंडे

प्रिय चोंबड्या,

या नावाने हाक मारलेली तुला आवडत नाही, हे मला माहीत आहे. तुझ्या ऑफिसात तुला सगळे साहेब म्हणतात, लेखाच्या डोक्यावर तुझा फोटो छापून येतो, आणि कुठल्या कुठल्या देशांतले मंत्री म्हणे तुला नावानिशी ओळखतात. पण काल तू फोनवर जे बोललास ते ऐकल्यापासून मला दुसरं नाव तोंडात येत नाही. लहानपणी गल्लीत कुणाच्या घरी भांडण झालं की चड्डी सावरत सगळ्यांच्या आधी तू तिथे हजर असायचास, आणि मग घरोघरी जाऊन ते तिखटमीठ लावून सांगायचास. तेव्हा मी तुझा कान पिळायचे. पुढे त्याच उद्योगाची तुला नोकरी मिळाली, परदेशांतली भांडणं बघायला तुझं वर्तमानपत्र तुला विमानाने पाठवायला लागलं, तेव्हा मी कान सोडला आणि शाळेत तुझी कात्रणं मिरवायला लागले. आज तो कान हाताशी असता तर बरं झालं असतं.

तू म्हणालास, गुरुवारी येतोय. एवढं ऐकूनच मी खुर्चीवरून उठले होते, आता तुझ्या खोलीचं काय करायचं ते डोळ्यापुढे यायला लागलं होतं. मग तू म्हणालास, सोबत फोटोग्राफर आहे, संपादकांनी दोन पानं मोकळी ठेवलीत आणि मथळासुद्धा ठरलाय, 'माझ्या आईची गल्ली'. आणि त्याच दमात म्हणालास, आई, तेवढं टेलरमास्तरांना शोधून ठेव, त्यांची बाजू आपण जगापुढे आणू, चेहरा दाखवणार नाही, नाव बदलू, तू काळजी करू नकोस. मी म्हटलं, ते कुठे आहेत मला ठाऊक नाही. आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल लाइन तुटली. लाइन चांगली होती, मीच ठेवला.

इथले फोन आता आपण दोघंच ऐकत नाही, म्हणून हे पत्र. कोपऱ्यावरच्या नर्सबाई रोज पूल ओलांडून मोठ्या इस्पितळात कामाला जातात, त्या पुलापलीकडच्या तुझ्या हॉटेलवर पोचवतील. त्यांच्या डब्यात अजून तरी कुणी हात घालत नाही. वाचून झालं की जाळून टाक, आणि वाचताना शेवटावर उडी मारू नकोस. तुम्हा लोकांना पहिल्या परिच्छेदातच बातमी हवी असते. आईच्या पत्रात ती शेवटी येते.

आपल्या गल्लीच्या मधून हल्ली सीमा जाते. आयुष्यभर मी मुलांना शिकवलं की सीमा डोंगरावरून जातात, नदीतून जातात. भाजीवाल्याच्या गाडीच्या अलीकडून आणि पिठाच्या गिरणीच्या पलीकडून सीमा जाते असं कुठल्याही भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं. राजधानीतलं सरकार फुटलं, दोन्ही गटांनी आपापली पोरं बंदुका देऊन रस्त्यावर उभी केली, आणि एका सकाळी कळलं की आपल्या बाजूची घरं एका गटाकडे गेलीत नि समोरची दुसऱ्या. आम्हाला कुणी विचारलं नाही. सुरुवातीला आम्ही हसायचो. समोरची मुख्याध्यापिका गॅलरीतून मला म्हणायची, बाई, आज परदेशातून दोन लिंबं पाठवा. मग गिरणी जळली आणि हसणं बंद झालं.

त्यानंतर तो परदेशी बातमीदार आला. तुझ्याच जातीचा, तुझ्यासारखीच खिसेच खिसे असलेली बंडी, तुझ्यासारखेच धुळीचे बूट. सोबत एक दुभाषी. शेजारच्या कुणीही दार उघडलं नाही, मी उघडलं. का उघडलं ते सांगू? तू जगाच्या पाठीवर कुठेतरी कुणाचं तरी दार वाजवत असतोस, आणि कुणीतरी बाई तुला पाणी देत असेल, खुर्ची देत असेल, हे मनाशी धरूनच मी एवढी वर्षं रात्री झोपते. त्या बाईची परतफेड करावी म्हणून मी दार उघडलं. चहा केला, बिस्किटं काढली, तुझ्या बाबांची आरामखुर्ची त्याला दिली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात म्हणतात. हा चहा पिताना खरोखरच वर बघून छताला पडलेली भेग न्याहाळत होता. ती पुढे लेखात आली.

त्याने मला काय विचारलं असेल ते तुला सांगायलाच नको. घर लगेच सोडावं लागलं तर तुम्ही काय बरोबर घ्याल? मला हसूच आलं. अरे, हा तर माझ्या लेकाचा प्रश्न. तुझ्या प्रत्येक युद्धात एक म्हातारी असते आणि तू तिला हेच विचारतोस, आणि ती मुकाट्याने घराची किल्ली दाखवते. मी त्याला म्हटलं, प्रेशर कुकर, चष्मा आणि बँकेतून आलेलं पेन्शनचं पत्र, आणि हे घर सोडावं लागू नये म्हणून ज्यांनी काही करायला हवं होतं ती माणसं कुठे झोपली आहेत ते आधी विचारून ये. बराच वेळ बोलले मी. दुभाष्याने त्याचं अर्ध्या वाक्यात भाषांतर केलं. छापून आलं ते असं, की वृद्धा काहीच बोलली नाही, तिची नजर दिवंगत पतीच्या तसबिरीवर खिळली होती. मी तसबिरीच्या वर टांगलेल्या घड्याळाकडे बघत होते रे. पाणी यायची वेळ झाली होती आणि हा उठत नव्हता.

इथपर्यंत ठीक होतं. माझं काय, मी आहेच म्हातारी. पण तेवढ्यात टेलरमास्तर उशांचे अभ्रे घेऊन आले. तुला आठवतात ना नीट? पहिलीपासून दहावीपर्यंत तुझा गणवेश त्यांनीच शिवला, दर वर्षी आत जास्तीचं कापड दुमडून ठेवायचे, पोरगं वाढणार म्हणून. बाबा गेले तेव्हा दुकान बंद करून आठवडाभर आपल्या ओट्यावर बसले होते. आता थकलेत, अधू पाय आणखी जड झालाय, पण मनाने तसेच. पाहुणा घरात बसलेला बघून ते मोकळे झाले. म्हणाले, साहेब, या भांडणाचं मला काही कळत नाही, पण दोन्ही बाजूंचे झेंडे मीच शिवलेत. दोन्हींत तांबडा पट्टा आहे. एकच तागा आणला होता, अर्धा त्यांना गेला, अर्धा ह्यांना. आणि हसले. धंद्यातली गंमत सांगावी तसं सांगितलं त्यांनी. बातमीदाराचा चहाचा कप हातातच राहिला. तसं तोंड मी तुझं पाहिलंय, चांगलं वाक्य सापडलं की होतं तसं.

मी लगेच म्हटलं, हे लिहायचं नाही. दुभाष्याने सांगितलं. बातमीदाराने छातीवर हात ठेवला, म्हणाला, यांचं नाव कधीच छापणार नाही, माझा शब्द. आणि त्याने शब्द पाळला, हे मला तुला मुद्दाम सांगायचंय. नाव नव्हतंच छापलं. छापलं होतं ते असं, की घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या गल्लीत, हिरव्या दाराच्या दुकानात, एका पायाने अधू असा एक वयस्कर शिंपी बसतो, सुरक्षेसाठी त्याचं नाव बदललं आहे. आणि खाली ते ताग्याचं वाक्य. अरे, ह्या गावात घड्याळाचा मनोरा एक, हिरवं दार एक आणि अधू पायाचा शिंपी एक. नाव तेवढं वेगळं. ज्याला नाव माहीत नव्हतं त्यानेही डोळे मिटून बोट दाखवलं असतं. जे लपवायला हवं ते सगळं उघडं, आणि जे नसतं झाकलं तरी काही फरक पडला नसता ते झाकलेलं. ही कुठली रीत तुमची?

तू तर फोन करून मला शाबासकी दिलीस. आई, तू जगभर छापून आलीस, लेख फार सुंदर उतरलाय, शेवट तर काय लिहिलाय त्याने. मी तेव्हा गप्प बसले, कारण मी तो वाचला नव्हता. मग अलीकडच्यांच्या वर्तमानपत्राने त्याचं भाषांतर छापलं. दुसऱ्या दिवशी पलीकडच्यांच्याने छापलं. अलीकडची पोरं संध्याकाळी मास्तरांच्या दुकानात गेली, शत्रूचा झेंडा शिवतोस काय म्हणून. त्यांनी कपाट फोडलं, मापं घेऊन ठेवलेले लोकांचे कपडे रस्त्यावर फेकले. ती गेली तोच पलीकडची आली, त्याच कारणाने. त्यांना फोडायला शिलाई मशीन तेवढं उरलं होतं, ते त्यांनी कालव्यात टाकलं. इतक्या महिन्यांत दोन्ही गटांचं कशावर एकमत झालं असेल तर ते मास्तरांवर. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ असं आपण म्हणतो. इथे तिसऱ्याचा संसार गेला, आणि आता दोन्हीकडचे त्याला शोधताहेत. सापडला तर काय करतील हे लिहायला माझा हात धजत नाही, पण गिरणीवाल्याचं काय झालं ते तुला माहीत आहे.

मी दुभाष्याचा फोन मिळवला. म्हटलं, तुझ्या त्या साहेबाला दे. तो म्हणाला, साहेब दुसऱ्या देशात गेले, तिथे मोठं काहीतरी सुरू झालंय. मी सगळं सांगितलं तेव्हा तो पोरगा रडवेला झाला, पण म्हणाला काय, तर नाव तर दिलं नव्हतं ना आम्ही, बाई. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तोही इथलाच आहे, त्यालाही उद्या कुणी शोधेल.

मग मी पलंगाखालची ती ट्रंक ओढली आणि तुझे लेख पुन्हा वाचायला बसले. आधी वाचायचे ते तुझं नाव कुठे येतं, फोटो कसा आलाय, भाषा कशी आहे ते बघायला. या वेळी त्यातली माणसं बघत गेले. डोंगरातल्या खेड्यातली एकुलती एक सुईण, नाव बदललं आहे. खेड्यात सुइणी किती असतात रे? तुरुंगासमोर चहाची टपरी चालवणारा, समोरचे दोन दात पडलेला माणूस, नाव बदललं आहे. बंदराच्या शाळेतला तोतरा मास्तर, ज्याने तुला सैन्याच्या गाड्या रात्री कुठून गेल्या ते सांगितलं. त्याचं तोतरेपण तू इतकं हुबेहूब लिहिलंयस की मला त्याचा आवाज ऐकू आला. मला आला, तर तिथल्या सैन्याला नसेल आला? त्या सुइणीचं पुढे काय झालं? टपरी आहे का अजून? मी सगळे लेख उलटेपालटे केले, परत त्यांतल्या एकाही गावात तू कधी गेलेला दिसला नाहीस. पुढचा लेख नेहमी पुढच्या देशातून.

तू म्हणशील, आई, आम्ही लिहिलं नाही तर जगाला कळणार कसं. हे मला पटतं, उगाच आडवं लावत नाही. तुझ्या त्या विषारी विहिरींच्या लेखानंतर तिथे औषधं पोचली, हे मी अख्ख्या शाळेला सांगत फिरले होते, अजून सांगेन. तुझी हिंमत मला ठाऊक आहे. गोळीबारात तू पालथा पडून राहिलास ते तू मला कधी सांगितलं नाहीस, पण तुझ्या फोटोग्राफरने सांगितलं. पण आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं जे म्हणतात, ते एवढं मोठं होऊन विमानाने जगभर फिरू शकतं हे मला या वयात कळलं. तुझं घर कुठल्या गल्लीत आहे हे आजवर एकाही लेखात आलेलं नाही. तुझ्या मुलीची शाळा कुठली ते येत नाही. तिचा फोटो मी शेजारणीला पाठवला तर तू माझ्यावर चिडला होतास. म्हणजे काय झाकायचं असतं ते तुला नीट कळतं. तुम्हाला ते येत नाही अशातला भाग नाही, फक्त लांबच्या माणसांसाठी तेवढे कष्ट तुम्ही घेत नाही. आणि आता तू माझ्याच गल्लीत येऊन, मास्तरांना माझ्याच घरात बसवून, तेच करणार. वर म्हणतोस काळजी करू नकोस.

किती संतापलेय ते अक्षरावरून बघशीलच. पण एक आठवण सांगायलाच हवी, कारण पुढचं तिच्यावाचून तुला समजणार नाही. एकदा तू कुठल्याशा लढाईवरून थेट घरी आला होतास आणि ताटावर बसून जेवत नव्हतास. खूप विचारल्यावर बोललास. एका चौकीवर तुमची गाडी थांबली असताना एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना धरून खिडकीशी आली होती. म्हणत होती, एवढं चौकीपलीकडे सोडा. तू काच वर केलीस. तू मला समजावून सांगितलंस, की बातमीदाराच्या गाडीत बातमीदाराशिवाय कुणाला घ्यायचं नसतं. एकाने जरी घेतलं आणि ते उघडकीला आलं, तर दुसऱ्या दिवसापासून कुणाच्याच गाडीला वाट मिळत नाही, वर गोळी बसते ती वेगळीच. मी म्हटलं, बरोबर केलंस बाळा, नियम म्हणजे नियम. तुझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तू दोन घास खाल्लेस. तेव्हा मला ते मनापासून पटलं होतं. नियम चुकीचा आहे असं मी आजही म्हणत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, एवढंच.

मास्तर तुझ्या खोलीत आहेत. दुकान फोडलं त्या संध्याकाळपासून. गल्लीत एक मी आणि एक नर्सबाई सोडून कुणाला माहीत नाही, आणि नर्सबाईंनी त्यांच्या पायाला मलम लावायला म्हणून यायचं तेही आता थांबवलंय, कारण कुणीतरी त्यांना विचारलं, बाईंकडे रोज काय काम असतं. खिडकी बंद, दिवा बंद. रिकामं बसवत नाही म्हणून त्यांनी तुझे पडदे उसवून परत शिवले, हाताने, अंधारात. मला म्हणतात, बाई, मी जातो, तुमच्यावर बालंट नको. जातील कुठे? त्यांची मुलगी पुलापलीकडच्या शहरात आहे, आणि पुलावर या टोकाला अलीकडच्यांची चौकी, त्या टोकाला पलीकडच्यांची. दोन्ही चौक्यांवर त्यांचं वर्णन गेलंय. दोन्ही चौक्यांवर न थांबता जाते अशी एकच गाडी आहे, काचेवर तुमच्या वर्तमानपत्राचं नाव लिहिलेली.

म्हणून हे पत्र. गुरुवारी ये, आणि परत जाताना मास्तरांना घेऊन जा. मी काय मागतेय ते मला कळतं. पकडला गेलास तर परवाना जाईल, नोकरी जाईल, तुझ्या बरोबरीचे लोक तुझ्याशी बोलणार नाहीत, आणि त्यांचं चुकणार नाही. त्याहून वाईटही होऊ शकतं, ते मी बोलत नाही, पण विचार केला नाही असं समजू नकोस, माझा तू एकच आहेस. मास्तरांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. पोराच्या पोटावर पाय नको म्हणून ते हटून बसतील, त्यांना मी आयत्या वेळी गाडीत बसवीन. त्या दोन पानांसाठी फोटोग्राफरला माझ्याकडे सोडून जा, तो म्हणेल तेवढा वेळ मी खिडकीत बसून उदास दिसेन. त्यात मास्तरांचा एक शब्दही असणार नाही, बदललेल्या नावानेही नाही, आज नाही आणि सगळं शांत झाल्यावर पुस्तक लिहिशील तेव्हाही नाही. तुला हे जमणार नसेल तर तू मुलगा म्हणून एकटा ये, जेवून जा, मी रागावणार नाही, मग मी दुसरं काहीतरी बघेन. पण जमणार असेल तर गाडी मागच्या दाराशी आण आणि इंजिन चालू ठेव. आणि पूल ओलांडेपर्यंत, त्यानंतरही, त्यांच्या मुलीच्या दारापर्यंत, त्यांना काहीही विचारू नकोस.

तुझीच, तुझ्यावर चिडलेली आणि तुझी वाट बघणारी,
आई